ह्यांची मिरची

गल्लीत तिला सगळे जहाल काकू म्हणत. त्यात तिच्या जिभेचा वाटा किती आणि तिच्या मिरचीचा किती, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मिरची नवऱ्याने घडवलेली. दरवर्षी सगळ्यांत तिखट झाड निवडायचं आणि त्याचंच बी धरायचं, असं त्याने जन्मभर केलं. दिसायला सुरकुतलेली, बोटाच्या पेराएवढी. तोंडात टाकली की आधी गोडसर लागे, पाहुण्यासारखी गुमान बसे आणि मग घर डोक्यावर घेई. तो गेल्यावर काकूने ते बी जिवापाड जपलं. कळ्या उमलायच्या आधीच ती त्यांना मलमलीच्या चिमुकल्या पिशव्या बांधायची. नाहीतर मधमाश्या शेजारच्या ढोबळ्या मिरचीचे पराग आणून सगळा घोळ करतील.

नवी सून आली ती कामाला वाघ. काकू बहिणीकडे गेली असताना तिला पिशव्या मळलेल्या दिसल्या. तिने त्या सोडल्या, धुतल्या, इस्त्री केल्या, पुन्हा नीट बांधल्या आणि काकू परतताच कौतुकाने दाखवल्या.

"कधी सोडल्या होत्यास?"

"तुम्ही गेलात त्याच दिवशी, आई. वाळायला जरा वेळच लागला."

काकू मटकन पायरीवर बसली. जुनं बी तिने हौसेने वाटून टाकलं होतं आणि लोकांनी ते पिशव्यांविनाच पेरलं होतं. बहरही सरला होता; आता या फुलांचं येईल तेच बी, आणि ते अस्सल की नाही हे पुढच्या वर्षी फळ चावल्याशिवाय कळणार नव्हतं. काय झालं ते समजल्यावर सुनेचं तोंड एवढंसं झालं. रडली मात्र नाही.

"झालं ते झालं," काकू म्हणाली. "ह्यांची मिरची इतकी लेचीपेची नाही." आवाज ठणठणीत होता, पायरीवरून मात्र ती उठली नाही.

पुढच्या वर्षी अंगणात कुंड्यांची रांग लागली. फळं धरली, पिकली. काकू एकेका झाडाची मिरची चावे, डोळे मिटे आणि मान हलवे.

"तिखट आहे. पण आपली नाही."

भिंतीकडचं शेवटचं झाड उरलं. काकूने दुधाचा पेला रिकामा केला. "माझी जीभ मेली. आता तू चाव."

"मला कशी ओळखू येणार, आई?"

"या घरची आहेस ना? मग येईल."

सुनेने मिरची चावली. चघळली. मान खाली घातली. "गोड लागतेय," ती पुटपुटली. "मीच घालवली."

काकूने हात वर केला. "थांब."

दोघी थांबल्या. सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग नाक. मग डोळे. वर्षभर अडवून धरलेलं सगळं घळाघळा वाहायला लागलं. तिला बोलता येईना, ती नुसतीच जोरजोरात मान डोलवत राहिली.

"आली! आपली आली!" काकू दूध आणायला धावली, तर तिलाच पुढचं दिसेना. तिचेही डोळे वाहत होते, आणि तिने तर त्या झाडाची मिरची अजून चाखलीही नव्हती.