रंजीताच्या खिडक्या

सिंदेवाहीच्या बस स्टँडमागे गुणवंतरावांचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. तिथं रंजीता नऊ वर्षं कॉम्प्युटरवर बसली. चार वर्षांपूर्वी धानाच्या मळणी यंत्रात तिचा उजवा हात सापडला आणि अंगठ्यासकट तीन बोटं गेली. डाव्या हातानं टायपिंग जमलं, माउस मात्र जमेना. त्याच हातानं माउस धरायचा, त्याच हातानं अक्षरं बडवायची. तिला रडू यायचं.

दुकानातले कॉम्प्युटर लिनक्स या मोफत सिस्टीमवर चालत. नागपूरला नोकरीला असलेल्या भावानं, प्रणितनं, फोनवर सांगितलं की डेस्कटॉप तोच ठेवून स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम, म्हणजे विंडो मॅनेजर, तेवढा बदलता येतो. रंजीता इरेला पेटली. दुपारी गर्दी ओसरली की सेटिंगच्या फाइलमध्ये एखादी ओळ लिहायची, चुकायची, पुन्हा लिहायची. सहा महिन्यांनी तिच्या मनासारखं झालं. डावीकडे सातबारा, उजवीकडे अर्ज, खाली आधार कार्ड, अशा खिडक्या फरशीसारख्या शेजारीशेजारी आपोआप बसायच्या. माउसला हात न लावता, दोन बटणं दाबून ती हवं तिथं जायची. शेजारच्या टेबलावरच्या मयुरीपेक्षा तिचे अर्ज आधी व्हायचे.

यंदा सरकारी धान खरेदीच्या ऐन नोंदणीत सरकारी वेबसाइट जुन्या ब्राउझरमध्ये उघडेना. गुणवंतरावांनी माणूस बोलावून सगळ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी रंजीतानं मशीन लावलं तर खिडक्या एकमेकींवर चढून बसलेल्या. जपून ठेवलेली सेटिंगची फाइल तिनं परत टाकली, तर स्क्रीनच काळी झाली. प्रणितनं नागपुराहून दोन तास खटपट केली आणि शेवटी म्हणाला, "ताई, नव्या सिस्टीममध्ये खिडक्या मांडायचा प्रोग्राम बदलूच देत नाई. मले तरी काई सुचून नाई राह्यलं."

जुनी सिस्टीम परत टाकली तर वेबसाइट उघडणार नाही. चिडायचं तरी कोणावर?

तिनं डाव्या हातात माउस घेतला. बाहेर रांग वाढत गेली. तिसऱ्या दिवशी मागची खिडकी पुढं आली हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि रांगेतल्या मुखरूभाऊंच्या जमिनीचा गट नंबर सोमारीबाईंच्या अर्जात गेला. सोमारीबाई जंगलपट्टीतल्या गावाहून दोन गाड्या बदलून आलेल्या. दुरुस्तीसाठी आता तहसीलला जावं लागेल, हे रंजीतानंच त्यांना सांगितलं. बाई पिशवीत कागद घालून बाकावर बसून राहिल्या.

संध्याकाळी गुणवंतरावांनी तिला बोलावलं. बराच वेळ ते टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"बाई, तुझी चूक नाई. पण सीझन आहे. तू कागद तपासून दे, टाइप मयुरी करन."

"भाऊ, मले आठ दिवस द्या," ती म्हणाली. आठ दिवसांत काय करणार, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"लोकं थांबून नाई राह्यले ना," ते हळूच म्हणाले.

आता रंजीता दाराजवळच्या खुर्चीवर बसते. सातबारा, आधार, पासबुक पाहते, टाचणी लावते, नंबर मोठ्यानं वाचून दाखवते. मयुरी माउसनं एक खिडकी बाजूला सारते, दुसरी शोधते, मधेच विचारते, "ताई, गट नंबर काय म्हणला?" रंजीता पुन्हा सांगते.