त्याचा उपास मी सांगितला नाही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. ज्या घरात मी जेवते त्या काकूंना माहीत नाही, त्यांच्या सायलीला माहीत नाही — आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित एवढंच कारण असेल.

मी सुरगाण्याकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली — सुटली म्हणजे काय, बा म्हणाला आता पुरे. शहाण्णव साली ओळखीच्या एका मास्तरांनी मला काकूंकडे घरकामाला आणून सोडलं. घर नाशिकरोडच्या पुढे, देवळाली कॅम्पाच्या वाटेवर. पहिले सहा महिने कपसुद्धा मी दोन्ही हातांनी धरून विसळायची. फुटला तर परत पाठवतील, असं वाटायचं. काकूंनी कधी आवाज चढवला नाही. दुपारी समोर बसवून एक पान लिहून घ्यायच्या, चुकलं की खोडून पुन्हा. आज हे लिहिता येतंय ते त्या पानांमुळे. मी विसरलेली नाही. म्हणून तर जास्त टोचतं. अक्षर मला त्या घरानं दिलं, आणि मी त्याचं काय केलं?

सायली माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला इंग्रजी पुस्तकांचा नाद. कॅम्पात फौजी लोकांच्या बदल्या झाल्या की रद्दीवाल्याकडे पुस्तकांचा ढीग पडायचा, त्यातून ती पिशवी भरून आणायची. बारावीच्या वर्षी तिला एकाच तऱ्हेची पुस्तकं लागायची — माणसाचं रक्त पिऊन जगणारे, कधी म्हातारे न होणारे, आणि त्यांच्यावर जीव लावणाऱ्या साध्या पोरी. मी पोळ्या लाटायची, ती ओट्याला टेकून मराठीत सांगायची.

एका पुस्तकावर तर ती महिनाभर अडकली होती. बंदरावरचं गाव. तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यात राहणारा एक जण. कागदासारखा पांढरा, ऊन सोसत नाही, डोळ्यांचा रंग पाण्यासारखा. गावातली एक मुलगी त्याच्या प्रेमात पडते. मी म्हटलं, "आणि तो पितो तिचं रक्त?" तर सायली म्हणाली, "नाही गं, तेच तर. शंभर वर्षं त्यानं तोंडाला लावलेलं नाही. उपास आहे त्याचा." आतून काकू म्हणाल्या, "साबुदाणा चालतो का विचार त्याला." आम्ही दोघी हसून हसून बेजार.

मी विचारलं होतं, याला मराठीत काय म्हणायचं? ती म्हणाली, व्हॅम्पायरला शब्द नाही मराठीत. मी पोळी उलटली. मनात म्हटलं, तुमच्यात नसेल. आमच्यात आहे.

तो शब्द भुताळा. बाई असली तर भुताळी. आमच्याकडे हा शब्द हसत कुणी उच्चारत नाही. एकदा माणसाला चिकटला की त्याच्या दारात उभं राहायलाही लोक बिचकतात.

आता काळूचं सांगते. सांगायचं टाळत होते खरं तर.

काळू आमच्या गावचा गिरणीवाला. जन्मापासून पांढरा — केस, भुवया, पापण्यासुद्धा. दृष्ट लागू नये म्हणून आईनं नाव ठेवलं काळू. उन्हात त्याचे डोळे उघडत नसत, कातडी भाजून निघायची, म्हणून द्राक्षाच्या कामाला तो कधी निफाडकडे जाऊ शकला नाही. बसून बसून गिरणी शिकला, आणि चालवलीही चांगली. स्वतःच म्हणायचा, "मला अंघोळ केली काय नि नाय केली काय, पिठात कुणाला कळतंय?" माझी धाकटी बहीण जनी नागली — तुमची नाचणी — दळायला जायची. दळण लवकर होई, परत यायला वेळ लागे.

मला माहीत होतं का, की त्याच्यात वाईट काही नाही? होतं. काकूंच्या गल्लीत तशाच एक बाई राहायच्या. टोपी आणि काळा चष्मा घालून शाळेत गणित शिकवायला जायच्या. काकूंनी मला समजावलं होतं, अंगात रंग तयार होत नाही, बाकी तुझ्यामाझ्यासारखंच. मला सगळं माहीत होतं.

दोन हजार एकच्या शिमग्याला मी घरी गेले. आईनं उंबऱ्यातच सांगितलं — काळूची आई जनीला मागायला आली होती, बा हो म्हणणार आहे. जनी आत चूल फुंकत होती. वळून बघितलं नाही तिनं, पण तिचे कान हसत होते. कान हसतात का कुणाचे? तिचे हसत होते.

आणि मला काय वाटलं?

पाच वर्षं मी दुसऱ्यांची भांडी घासली. जनी त्यावर दहावीपर्यंत शिकली. मला मागायला कुणी आलं नव्हतं. आईच्या बोलण्यात माझं नावही नव्हतं — मोठी अजून राहिली, असं तोंडदेखलंसुद्धा नाही. मी नाशिकची झाले होते, म्हणजे कुणाचीच नाही. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. तसं झालं, म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत बायका मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, नाशिकचं काहीतरी सांग. मी सायलीची गोष्ट सांगायला घेतली. सांगता सांगता व्हॅम्पायर म्हणायच्या जागी मी भुताळा म्हणाले. हात थांबले सगळ्यांचे. इतकं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पांढरा, ऊन न सोसणारा, पाण्यासारख्या डोळ्यांचा, पोरीला हळूहळू नादी लावणारा... एक म्हातारी म्हणाली, "आपल्या काळूवानी." सगळ्या हसल्या. जनी दाराला टेकून ऐकत होती, तीही हसली.

तिथं मी म्हणायला हवं होतं — नाही हो, हा तर उपास करणारा आहे. गोष्टीचा जीवच त्यात होता. मी म्हणाले, "हो, तसाच दिसतो." आणि उठले. पुढचं उद्या, म्हणाले.

एवढंच असतं तरी मी ते वर्षानुवर्षं उराशी धरलं नसतं. थट्टा अंगाशी आली, म्हणाले असते. पण एवढंच नाही.

संध्याकाळी बा मला नदीकडे घेऊन गेला. बा घाबरट माणूस नव्हता. भगताकडे तो कधी गेला नाही, पोरं आजारी पडली की आम्हाला पाठीवर घालून दवाखान्यात न्यायचा. थोडं चालून झाल्यावर म्हणाला, "भुताळी-बिताळी मी मानत नाय. बायांच्या गप्पा त्या. पण तू शिकल्यासवरल्या घरात ऱ्हातेस. खरं सांग. पुस्तकात हाय का तसं?"

मला वेळ होता. पायाखालचे दगड बघत आम्ही बरंच अंतर चाललो. मी घाईत बोलले नाही.

म्हणाले, "हाय, बा. इंग्रजी पुस्तकात छापलंय."

बा भुताळ्याला भ्याला नसता. तो छापलेल्याला भ्याला. आमच्या घरात तोवर छापलेलं म्हणजे सातबारा, रेशनकार्ड, पोलिओचा कागद. खोटं कोण कशाला छापेल? पुस्तकातली गोष्ट ही नुसती गोष्ट असू शकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारी एकच होती, आणि ती त्याच्या शेजारून चालत होती.

बानं काळूच्या आईला निरोप दिला, पोरीला अजून शिकवायचंय. दुसरं काही बोलला नाही. पण नकाराचं कारण लोक शोधतातच, आणि पडवीतली गोष्ट तयार होती.

मी परत निघाले त्या सकाळी काळू एसटीच्या थांब्यावर आला होता, डोक्यावरून फडकं घेऊन. त्याच्यापर्यंत फक्त नकार पोचला होता. माझी पिशवी त्यानं वर चढवली आणि म्हणाला, "ताई, नाशकात काळा चष्मा मिळतो ना चांगल्यातला? पुढल्या खेपेला आणाल? इथं गिरणीबाहेर आलं की काय दिसत नाय." मी आणते म्हणाले. कोणत्या दुकानात मिळतो हेही मला ठाऊक होतं. मी आणला नाही. आणून त्याच्या डोळ्यांकडे बघावं लागलं असतं.

पुढचं आईनं फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. बायका नागली घेऊन शेजारच्या गावच्या गिरणीवर जाऊ लागल्या. एवढ्या लांब, डोक्यावर ओझं घेऊन. पावसाळ्याआधी काळूची गिरणी बंद पडली. मग एक दिवस मायलेकांच्या घराला कडी. कुणी म्हणे वणीला गेले, कुणी म्हणे गुजरातेत. मी विचारलं नाही. जनीला पेठकडे दिली. नवरा मारत नाही, पीत नाही. बोलतही नाही.

गेल्या वर्षी जनी लेकीचे कान दाखवायला नाशिकला आली, चार दिवस माझ्या खोलीत राहिली. लेक झोपली होती, आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मधेच तिनं विचारलं, "ताई, तू ती गोष्ट अर्धीच सांगितली होतीस. मनोऱ्यातल्या त्या माणसाची. त्या पोरीचं पुढं काय झालं?"

इतक्या वर्षांत ती विसरली नव्हती. एकदाही नाव न घेता तिनं ते जपून ठेवलं होतं. माझ्यासमोर दार उघडं होतं, आणि ते तिनंच उघडलं होतं.

मी म्हणाले, "मरते ती. तो मारतो तिला."

जनीनं हातातली जुडी खाली ठेवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं मग, ताई. तुझ्यामुळं वाचले मी."

ती मुलगी मरत नाही. तो तिच्या नखालाही लावत नाही धक्का. शेवटच्या पानावर त्यांचं लग्न होतं, आणि दिवसा खिडक्या लावून घेऊन दोघं त्या मनोऱ्यात राहतात. सायलीनं ते मला दोनदा वाचून दाखवलं होतं, त्या शिमग्याच्या आधी.