मेहुण्याची लाल काच

कर्जतपासून खालापूरपर्यंत कॅमेरे पुष्कळांकडे होते. आभाळ फक्त माझ्या मेहुण्याकडे होतं. बायकोचा हा थोरला भाऊ भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला. खिशात पानाचा डबा, पण आत सुपारी नाही. मलमलीत गुंडाळलेल्या, कॅमेऱ्याच्या भिंगावर चढवायच्या तीन गोल काचा, पिवळी, हिरवी आणि लाल. बाजारात टोमॅटो घेतानाही तो लाल काच डोळ्याला लावून बघायचा. "काळ्या-पांढऱ्या फिलीमला रंग कळत नाय, भावजी. उजेड नि काळोख, एवढंच. ज्या रंगाची काच लावाल तो रंग उजळतो. लाल लावली की निळं आभाळ काळंभोर, नि ढग बगा कसं कापसावानी!" हे तो लग्नाच्या पंगतीत, समोरच्याचा भात निवेपर्यंत सांगे. पळसदरीला त्यानं एक वरात धरणाकाठी थांबवून ठेवली होती, कारण ढग अजून डोंगराआडून वर आला नव्हता. नवरदेव घोड्यावरच पेंगला. फोटो मात्र असा आला, की त्या घरचे लोक पाहुण्याला आधी ढग दाखवायचे, मग नवरी.

आता माझं दुखणं सांगतो. दुसऱ्यांची पोती वाहून मी स्वतःचं तांदळाचं दुकान उभं केलं. पेंटरशी भांडभांडून पांढऱ्या पाटीवर लालभडक अक्षरांत नाव काढून घेतलं. ज्यांची पोती वाहिली त्यांनी ते नाव वाचावं, म्हणून पाटीखाली उभं राहून काढलेला आम्हा नवराबायकोचा फोटो दुकानात गादीमागे लावायचा होता. मेहुणा आला, डोंगरावरचे ढग बघून खुळावला आणि त्यानं लाल काच चढवली. "ही काच उजेड खाते, हलू नका!" आम्ही श्वास रोखून उभे.

फोटो आला. आभाळ असं की बघत राहावं. पाटी मात्र कोरी! लाल अक्षरं पांढऱ्यात विरून गेलेली. मी तापणार, तेवढ्यात आई ओरडली, "आगं बाय! सुनेचं कुकू कुटं गेलं? जित्ता नवरा बाजूला हाय नि कपाळ उघडं! फेक रं तो फोटू!"

"मावशी, आभाळ तरी बगा," मेहुणा म्हणाला.

"शाईनं ठिपका दे," मी बजावलं.

"खोटं नाय रंगवनार. परत उभं रावा."

दुसऱ्यांदा हिरवी काच. नाव ठसठशीत, कुंकू ठसठशीत, आभाळ चुना फासल्यासारखं. तो फोटो लागला, पहिला गादीखाली गेला. चूक मात्र त्यानं कधी कबूल केली नाही. उलट प्रत्येक दिवाळीला चारचौघांत म्हणायचा, "चांगला फोटू भावजीनी दडपलाय." त्याचा राग मला अजून येतो.

मेहुणा वारल्यावर बायकोनं गादीखालून पहिला फोटो काढला, काच बसवून आणला आणि गादीमागे दुसऱ्याच्या जागी लावला. करंड्यात बोट बुडवून काचेवर, स्वतःच्या कपाळाच्या जागी, कुंकवाचा ठिपका दिला. "दादाचं एवढंच राहिलं होतं," म्हणाली. दर दसऱ्याला काच पुसते आणि ठिपका नवा लावते.

गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, पाटी कोरी कशी हो?"

मी म्हणतो, "पाटी राहू दे रं, आभाळ बघ. माझ्या मेहुण्याचं आहे. तसलं आता कुठल्याच भावात मिळत नाही."