एका रात्रीतलं बाळसं

सकाळी वजनकाट्यावर परी तीनशे ग्रॅमनं वाढलेली दिसली आणि मी चार्टवर ऐटीत लिहिलं, 'बाळसं धरतेय.' असलं काही चार्टवर लिहीत नसतात. पण मी सव्वीस वर्षांची सिस्टर होते, मला सगळं येत होतं.

परी सात महिन्यांची. हृदयात जन्मतःच छिद्र. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, आदल्याच दिवशी आयसीयूतून आमच्या वॉर्डात आलेली. सोबत देवगाव रंगारीची आजी. आल्या आल्या तिनं नातीच्या पायात काळा दोरा बांधला. काढा म्हटलं, तर मान डोलावली आणि तसाच ठेवला.

आम्ही आत-बाहेरचा हिशेब ठेवायचो. दूध किती गेलं, लघवी किती झाली. ओल्या डायपरच्या वजनातून कोऱ्याचं वजा केलं की लघवी कळते. माझे दोन्ही आकडे जवळपास सारखे होते. मग तीनशे ग्रॅम आले कुठून? तीनदा बेरीज केली. काटा बदलला. शेवटी काट्यालाच नावं ठेवली.

तेवढ्यात आजी म्हणाली, "ओ सिस्टर, दोरा रुतायलाय. काल बोट जात होतं."

"बाळसं आहे, आजी."

"एका रातीत? आमच्या म्हशीच्या वगारीलाबी येत नाय."

डॉक्टर मॅडम राउंडला आल्या. त्यांनी परीची नडगी बोटानं दाबली. खड्डा पडला, तो भरेचना.

"सिस्टर, हे पाणी आहे. लघवी किती?"

मी आकडा वाचला.

"डायपरमध्ये शी होती?"

होती. रात्रभर पातळ शी. मी सगळी लघवीत धरली होती.

ऑपरेशननंतर हृदय थकलेलं असलं की किडनीला रक्त कमी पोचतं. ती लघवी करत नाही, पाणी अंगातच राहतं. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं. म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा रक्तातच साठत होता. परी परत आयसीयूत गेली. दूध-पाणी मोजून, हृदयाला जोर देणारं औषध, लघवीचं इंजेक्शन. डायलिसिसची तयारीही करून ठेवली. मी दाराशी उभी, आजी माझ्याकडं बघायलासुद्धा तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी सुटली. डायलिसिस टळलं. संध्याकाळी आजीनं मला हाक मारली आणि दोऱ्याखाली बोट घालून दाखवलं.

आता माझी सून म्हणते, तुमच्या नातवानं काय बाळसं धरलंय! मी आधी त्याची नडगी दाबून बघते. तो रडतो, सून चिडते. दोघांचंही मी ऐकत नाही.