मामांची वीस मिनिटं

माझ्या सासूबाईंचे मामेभाऊ आपला मेंदू जितक्या निष्ठेनं सांभाळत, तितक्या निष्ठेनं लोक देवघरातले देवही सांभाळत नाहीत. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. हर्सूलला राहायचे. शिक्षण निजामाच्या अमलातलं, उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार हळूहळू मराठीत आला, तशी त्यांची विद्या काही वर्षं माळ्यावर पडून राहिली. पुढं जमिनींचे तंटे वाढले, लोक जुने कागद घेऊन दारात येऊ लागले आणि मामा त्यांचा मराठीत तर्जुमा करून खाली सही देऊ लागले.

पण कागद हातात घेण्याआधी डोकं तयार व्हायला हवं. तलावापर्यंत चालणं, त्यातली शेवटची शंभर पावलं उलटी, कारण मेंदूला रोज एक धक्का लागतो. एकदा उलटं चालताना पाठ म्हशीला लागली, तर मागं न बघताच "माफ कीजिए, जनाब" म्हणाले. मग पाच भिजवलेले बदाम, एकेक बत्तीस वेळा चावून. मध्ये कुणी बोललं की आकडे पुन्हा एकपासून. तळलेलं वर्ज्य. "भजी खाऊन कागद वाचला की दुसऱ्याचा बांध सरकतो," असं गंभीरपणे सांगत. शेवटी विश्रांती: सतरंजीवर उताणं, डोळ्यांवर ओली पट्टी, उशाशी गजराचं घड्याळ, वीस मिनिटं. भांडून आलेल्यांनाही ते शेजारी सतरंजी टाकून देत. एकमेकांवर केस घातलेले दोन सख्खे भाऊ त्यांच्या ओसरीत शेजारी शेजारी घोरताना मी स्वतः पाहिलेत.

मी यादीवर चालणारी बाई. त्या दिवशीची यादी सोपी होती: साडेआठला मामा, दहाला झेरॉक्स, अकराला सुनावणी. सोबत पिशोरची माझी विधवा आत्या. तिच्या चुलत पुतण्यानं विहिरीवरच्या मोटारीला कुलूप घातलं होतं. "तुझा यात हिस्साच नाय," म्हणाला. कांदा आठ दिवस पाण्यावाचून उभा होता. वाटणीचा उर्दू कागद आदल्याच दिवशी संदुकीच्या तळाशी सापडला होता, आणि कचेरीतल्या साहेबांनी ही शेवटची तारीख दिली होती.

मामा फिरून नऊला आले. बदाम सुरू झाले.

"हे म्हातारं चावतंय का जप करतंय गं?" आत्या कुजबुजली.

"बोलू नकोस. पुन्हा पहिल्यापासून होईल."

तेवढ्यात मामा थांबले, आमच्याकडं पाहिलं आणि तोच बदाम पुन्हा एकपासून चावू लागले.

ते आडवे झाले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. आत्या पदर पिळत बसलेली. मला राहवेना. मी घड्याळाचा काटा दहा मिनिटं पुढं सरकवला. गजर झाला, मामा उठले, चष्मा लावला, भिंग घेतलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "विहीर पुतण्याच्या आज्याच्या नावची. तुमच्या घराचं नाव दिसत नाही, बाई."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मामा मात्र सही करेनात. कागद खाली ठेवला. "नाही. काहीतरी सुटतंय." घड्याळाचं तोंड त्यांनी भिंतीकडं फिरवलं. "याला आज लई घाई झालीये," असं माझ्याकडं न बघता म्हणाले आणि पुन्हा पट्टी ओली करून पडले. पुरी वीस मिनिटं. मी माझ्या यादीतलं झेरॉक्स खोडलं. आत्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

उठल्यावर त्यांनी कागद उजेडात तिरका धरला. कडेच्या मोकळ्या जागेत शाई उडालेली एक ओळ होती. "आठ आणे, म्हणजे निम्मं पाणी धाकट्या घराकडं, वंशपरंपरा. खाली शिक्का." त्यांनी आत्याकडं पाहिलं. "धाकटं घर तुमचंच ना?"

"व्हय," आत्या म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मामांनी तर्जुमा लिहून सही केली आणि अकराला पाच कमी असताना आम्ही कचेरीत पोचलो. मामाही आले. साहेबांनी तर्जुमा वाचला, मामांना दोनदा उलटसुलट विचारलं आणि कुलूप काढायचा हुकूम दिला. व्हरांड्यात आत्या मामांच्या पाया पडली. ते मागं सरकले.

मी घड्याळाबद्दल माफी मागायला गेले, तर म्हणाले, "मीपण एकदा घाईत वाचलं होतं. उपाशी होतो, रात्रभर जागलेला. कडेची ओळ बघितलीच नाही. त्या माणसाचं शेत गेलं."

"त्याला सांगितलंत नंतर?"

"सांगायला गेलो होतो. घर बंद. पोराबाळांना घेऊन कुठं गेला, कुणाला माहीत नव्हतं."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवसापासून चालायला लागलो."

मामांना जाऊन आता सहा वर्षं झाली. हर्सूलच्या तलावावर सकाळी बरीच माणसं चालतात, कानात काहीतरी घालून, झपाझप. पूर्वी मला त्यांचं हसू यायचं. आता वाटतं, यातलं कोण कशासाठी चालतंय, कुणाला ठाऊक.