मोटर सगळ्यात शेवटी

"लिव्हर न्यूट्रल में है? देख के बोल. हां, अब आवाज निकाल."

फोन उचलला की ऑफिसातल्या आमच्या सर्व्हिस इंजिनिअरांची सुरुवात ठरलेली. पलीकडे गुडगावच्या कुठल्यातरी खड्ड्यात बंद पडलेलं मशीन आणि त्याच्याजवळ घामाघूम झालेला ऑपरेटर. त्याला हे सांगायचे, चावी फिरवल्यावर मशीन जसं ओरडतं, तसं तू ओरडून दाखव!

आणि लोक ओरडायचे हो. गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या घातलेले ठेकेदार फोनवर "टक... टक" करायचे. एकजण तर "घूंऽऽ" करण्यात इतका रंगला की यांनाच म्हणावं लागलं, "बस भाईसाब, समझ गया!" तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा. पण भराभर टकटकटक वाजलं तर बॅटरी उतरलेली, नाहीतर तिची तार सैल. इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर घूं करून एकटीच फिरत बसली तर तिचं दातेरी चाक इंजिनात अडकत नाही. कितीतरी तक्रारी ते खुर्चीतून न उठता मिटवायचे आणि मग माझ्याकडे अशा ऐटीत बघायचे की विचारू नका.

माझं टेबल त्यांच्या समोरच. खोदाईची आणि माती उचलायची परदेशी मशीनं विकणाऱ्या एका एजन्सीचं ते सर्व्हिस ऑफिस, आणि तक्रारींचे फोन घेणं हे माझं काम. घरं दोघांचीही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत. माझे मिस्टर एका मंत्रालयात, यांची बायको, म्हणजे वहिनी, दुसऱ्यात. क्वार्टर वहिनींच्या नावावर, म्हणून "मी सरकारचा जावई" असं ते चारचौघांत सांगायचे आणि वहिनी डोळे वटारायच्या. सकाळी आम्ही एकाच चार्टर्ड बसनं गुडगावला निघायचो. तेव्हा तिथे मोहरीच्या शेतांत टॉवर उगवत होते. खिडकीतून बोट दाखवून म्हणायचे, "ताई, हे सगळं आमच्या स्टार्टरच्या जिवावर चाललंय बरं का!"

एका गोष्टीचा मात्र त्यांना फार राग. मशीन चालू झालं नाही की नवा मेकॅनिक पाना घेऊन आधी स्टार्टर मोटरच उतरवायला धावायचा. हे खेकसायचे, "अरे यार, पहले बॅटरी देख, फिर तार देख, फिर स्विच. मोटर को सबसे लास्ट में पकड़ना!" मग मला मराठीत म्हणायचे, "जी बिचारी शेवटी बोलते, तिच्यावरच सगळे आधी आळ घेतात." पुण्यात डिप्लोमा केलेला हा माणूस मोटरबद्दल असा बोलायचा जसं काही ती त्याची धाकटी बहीण आहे.

मग तो दिवस आला. मशीनं बनवणाऱ्या कंपनीचे परदेशी साहेब ऑफिस बघायला आले होते. आमचे बॉस त्यांना घेऊन थेट यांच्या टेबलापाशी आले. आमचा हा माणूस फोनवर मशीन दुरुस्त करतो, असं कौतुकानं सांगितलं. नेमका तेव्हाच फोन वाजला. बॉसनी स्पीकर लावला.

माती उचलायचा एक लोडर अडला होता. ऑपरेटर ओळखीचाच, बिहारचा, तरणाबांड. साइटच्या शेडमधून बोलत होता. "कुछ नहीं साब, चाबी घुमाओ तो बिल्कुल चुप."

"चुप? तो उसको बुलवाते हैं!" हे म्हणाले आणि पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावले. बॉसनी भाषांतर केलं, पाहुणे हसले. हे आणखी खुलले. त्याला म्हणाले, फोन तसाच ठेव, मशीनजवळ जा, खाली उभा राहून स्टार्टरच्या दोन बोल्टांना स्क्रू ड्रायव्हर टेकव. ही त्यांची नेहमीची परीक्षा होती. असं केलं की चावी, स्विच सगळं बाजूला राहतं आणि वीज थेट मोटरला मिळते. ती फिरली, की ती निर्दोष.

सुरुवातीचा लिव्हरचा प्रश्न तेवढा राहिला.

स्पीकरवर लांबून इंजिन धडधडल्याचं ऐकू आलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला मराठीत म्हणाले, "ताई, गाडी चालतेय. हा उभ्या गाडीचा आवाज नाही." मग आरडाओरडा ऐकू आला. पाहुणे तेव्हाही हसतच होते.

लोडर गिअरमध्ये होता. गिअरमध्ये असताना चावीनं चालू होऊच नये, अशी सोय त्यात केलेली असते. म्हणून तो गप्प होता. काही बिघडलंच नव्हतं. चाक ऑपरेटरच्या पायावरून गेलं. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

हॉस्पिटलात तो पोरगा सगळ्यांना सांगत होता, "साब ने पूछा था. मैंने ही गलत बताया." धडधडीत खोटं! पण किती वेळा यांनी त्याचं अडलेलं काम सोडवलं होतं, त्याची ती भीड. यांना ऐकून हायसं वाटावं की नाही? छे. चेहरा पांढराफटक पडला. कारण चूक त्याची ठरली की एजन्सी मोकळी, त्या साइटचा ठेकेदारही मोकळा, आणि तो पोरगा कुबडी घेऊन गावी.

दुसऱ्या दिवशी हे बॉसच्या केबिनमध्ये गेले. मलाही बोलावणं आलं. ठेकेदार आधीच येऊन बसला होता.

"मैंने नहीं पूछा था, सर," हे म्हणाले.

बॉसनी स्वतःच्या कानांनी सगळं ऐकलेलं. तरी म्हणाले, "आपको सदमा लगा है. घर जाकर आराम कीजिए."

ठेकेदार माझ्याकडे वळला. "मॅडम, आप तो वहीं बैठी थीं. पूछा था कि नहीं?"

यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. माझ्या मुलाच्या मुंजीत कंबर कसून पंगत वाढलेला माणूस. मी "हो" म्हटलं असतं तर त्यांची नोकरी वाचत होती आणि त्या पोराचं उरलंसुरलं जात होतं.

"नहीं पूछा था," मी म्हटलं.

एजन्सीनं उपचार केले. ठेकेदारानं त्या पोराला स्टोअरवर बसून करायचं काम दिलं. यांना राजीनामा द्यायला सांगितलं. माझं काहीही झालं नाही. मी त्याच टेबलावर बसून फोन घेत राहिले, आणि समोरची खुर्ची बघून मला रोज अपराध्यासारखं वाटायचं.

पुढे त्यांनी गाझियाबादच्या एका वर्कशॉपमध्ये काम धरलं. उतरवून आणलेल्या मोटरी दुरुस्त करायच्या, कुणाशी बोलायचं नाही. घरी फोन वाजला तर उचलायचे नाहीत, वहिनी आंघोळीला गेलेल्या असल्या तरी. रविवारी केळी घेऊन त्या ऑपरेटरकडे जायचे. एकदा भाजीबाजारात भेटले तेव्हा हसत हसत म्हणाले, "ताई, तो म्हणतो, साब, मत आया कीजिए. आप रोते हैं तो बच्चे भी रोने लगते हैं." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "समोर माणसं हसत होती हो. त्यांच्यासाठी घाई केली मी."

माझं चुकलं का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

वहिनी केबिनमधल्या त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हत्या. मंडळाच्या गणपतीत हळदीकुंकू लावायच्या, प्रसाद हातावर ठेवायच्या आणि पुढच्या बाईकडे वळायच्या.

बऱ्याच वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. भेटायला येणारे येऊन गेले होते. वहिनींनी मला बसवलं, चहा दिला.

"ते नेहमी सांगायचे," त्या म्हणाल्या, "ताई खरं बोलल्या म्हणून त्या पोराचं निभावलं. त्यांना कधी एका शब्दानं बोलू नकोस. तोंड उघडलं असतं तर तेच निघालं असतं, म्हणून मी इतकी वर्षं तुमच्याशी बोललेच नाही."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटले.

"पण आता ते नाहीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणून सांगते. तुम्ही त्या दिवशी खोटं बोलला असतात ना, मला चाललं असतं."

मी कप खाली ठेवला. "हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?