हौसेचा नाच, पोटाचा नाच

कॉलेजात नाचले तेव्हा ती कला होती. पदवी हातात पडल्यावर नाचते म्हटलं, तर तोच छिनालपणा झाला. मधे गेला फक्त एक उन्हाळा. हे गणित मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाय. ज्यांनी सांगावं, ते सगळे तेव्हा टाळ्या पिटत होते.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लावणीत मी पहिली आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत कारकून. पेपरात आलेला माझा फोटो खिशात घालून ते आमच्या अख्ख्या उस्मानपुऱ्यात फिरले. किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडं सुद्धा. ही आमची बाई, म्हणून सांगायचे. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग बी.ए. झालं आणि लावणीच्या पार्टीची एक मालकीण घरी आली. महोत्सवात तिनं मला पाहिलेलं. दिसायला कुणाचीही मावशी वाटावी अशी साधी बाई. पोरीला माझ्याकडं द्या, म्हणाली. अण्णांनी तिला नीट चहा पाजला. ती गेल्यावर आईनं तिची कपबशी राखेनं घासून काढली. त्याच आठवड्यात अण्णांनी क्रांती चौकातल्या एका पतसंस्थेत माझ्यासाठी शब्द टाकला. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि नोकरीवाली पोरगी म्हणून स्थळंही बरी आली असती. अण्णा ओरडले नायत. एवढंच म्हणाले, "हौस म्हणून ठीक होतं, बाई. पोटासाठी नाय."

मी पतसंस्थेत जाऊन बघून आले. तिथं दोन बायका पावत्यांवर शिक्के मारत होत्या. एकीनं वर मान करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा शिक्का मारायला लागली. इथं बसले तर मरायच्या आधीच मरेन, असं वाटलं. वय तसलंच होतं, आणि डोक्यात त्या टाळ्या. मी पार्टी धरली.

महोत्सवातली लावणी वेगळी आणि ही वेगळी, हे समजायला वेळ लागला नाय. नऊवारी तीच, घुंगरू तेच, पण ब्लाउजला पाठ नव्हती आणि गाणी सगळी डबल मिनिंगची. पुढच्या रांगेतल्या बाप्यांकडं पाठ करून कंबर हलवायची, मग मान वळवून हसायचं. हसू जरा ढिलं पडलं की मालकीण विंगेतून डोळे वटारायची. पाय सुजले तरी तिला चालायचं, तोंड सुजलेलं चालायचं नाय. नाचायची लाज मला कधीच वाटली नाय. त्या हसण्याची वाटायची. मेलं ते हसू माझं नव्हतंच.

अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण सुट्टी मिळाली की मी घरी जायचेच, आणि माझं ताट वाढल्याशिवाय ते जेवायला बसायचे नायत. एक शब्द बोलायचे नायत, पण थांबायचे. तेवढ्यावर मी जीव धरून होते. मला वाटायचं, माणूस ताटावर थांबतोय म्हणजे घर अजून आपलं आहे.

खुलताबादच्या पुढं एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता. आमच्या धंद्यात दौलतजादा असते. प्रेक्षकातला कुणी नोट पाठवतो, माईकवाला त्याचं नाव पुकारतो, आणि नाचणारीनं पुढं येऊन त्या नावाला हसून मुजरा करायचा. तसा रिवाजच आहे. त्या दिवशी आमच्या गल्लीतली दोन टोणगी पोरं कार्यक्रमाला आली होती. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला. एकानं चिठ्ठी लिहून नोटेबरोबर वर दिली. माईकवाला बाहेरगावचा, त्याला काय ठाऊक? त्यानं खणखणीत आवाजात वाचलं. नोट पाठवणारे उस्मानपुऱ्याचे, असं म्हणून अण्णांचं नाव, मागं आजोबांचं नाव आणि आडनाव. पार्टी त्यांची आभारी आहे.

ढोलकीवाला थांबून माझ्याकडं बघत होता. मुजरा नाकारला की पब्लिक खवळतं. मागच्या एका गावात असंच झालं, तेव्हा आमच्या गाडीच्या काचा राहिल्या नव्हत्या. मालकीण खुणावत होती, घे. ती दोघं शिट्ट्या मारत होती. मी पुढं आले, नोट घेतली, कपाळाला हात लावला आणि माझ्या बापाच्या नावाला हसून मुजरा केला. मग पुढचं कडवं नाचले.

दुसऱ्या दिवशी घर गाठलं. बास झालं, नोकरी धरायची, असं वाटेतच ठरवलं होतं. आईला तसं सांगितलं, तर अण्णा आतून ऐकत होते. ते बाहेर आले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. पतसंस्थेत दुसरी जागा निघतेय, मी विचारून ठेवलंय, म्हणाले. म्हणजे हा माणूस गप राहून माझ्यासाठी तिथं खेटे घालत होता. मला रडूच फुटलं. आईनं ताटं वाढली, आम्ही जेवायला बसलो.

दोन घास झाले असतील. अण्णांनी ताटाकडं बघतच विचारलं, "माझं नाव पुकारलं, तेव्हा तू काय केलंस?"

गल्लीत सगळं आधीच पसरलं होतं तर.

"मुजरा केला."

"हसून?"

नाय म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. मानायलाच बसले होते ते. पण ज्या माणसानं माझ्यासाठी खेटे घातले, त्याच्या तोंडावर खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी ताटातच हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती. "नोकरी धर," म्हणाले. "पण ह्या घरात राहू नको. दुसरीकडं खोली बघ."

आई काहीतरी बोलायला गेली, त्यांनी हातानं थांबवलं. मी माझं ताट उचलून मोरीत ठेवलं. नोकरी मला ह्या घरासाठीच तर हवी होती. संध्याकाळी मी पार्टीच्या गाडीत जाऊन बसले.